बंदी उठल्यावरही होडी न लोटणे हा अविश्वास आहे का?

प्रश्न (मालवण): आमची इंजिनाची होडी आहे. ३१ जुलैला पावसाळी बंदी संपली, तरी बंदरावर तीन नंबरचा बावटा (खराब हवामानाचा इशारा) असल्यामुळे यजमान नारळी पौर्णिमेपर्यंत थांबू म्हणतात. पतसंस्थेचा हप्ता थकलेला असल्याने दीर मात्र, येशू होडीत असताना वादळाला भिणारे शिष्य अल्पविश्वासी ठरले, असे सांगून उद्याच निघण्याचा आग्रह धरतात. रोज प्रार्थना होते आणि ती संपताच भांडण सुरू होते. सावधगिरीला अविश्वास म्हणावे काय?

उत्तर (वसई): ताई, बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातली (अध्याय ४) ती होडी येशूच्याच सांगण्यावरून निघाली होती, हे दीर सोयीने विसरतात. त्यांना बायबलमधलेच प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय २७ वाचायला द्यावा. हंगाम उलटल्यावर क्रेत बेटाहून पुढे जाणे धोक्याचे आहे, असे कैदी म्हणून नेल्या जाणाऱ्या प्रेषित पौलाने स्वतः बजावले होते. शताधिपतीने (रोमी सैन्याधिकाऱ्याने) मात्र तांडेल (तारू हाकणारा मुख्य नाविक) आणि तारवाचा मालक यांचे ऐकले. पुढे भर वादळात, कोणाचाही प्राण जाणार नाही असे देवदूताने सांगितल्यानंतरही, खलाशी लहान होडीतून पळू लागताच, ते तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही, असे पौलाने शिपायांना सांगितले. म्हणजे देवाचे अभिवचन हाती असूनही त्याने खलाशांचे कसब अनावश्यक मानले नाही. सर्व २७६ माणसे वाचली, तारू मात्र फुटले.

उत्तर (वेंगुर्ले): हे मान्य, परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या (अध्याय २५) दृष्टांतातल्या चाकराने धन्याचे पैसे जमिनीत पुरले तेही भीतीपोटीच, आणि त्याबद्दल तो दोषी ठरला. नारळी पौर्णिमा काही वर्षी ऑगस्टअखेर येते. बावटा उतरल्यावरही यजमान तिथीच धरून बसले, तर त्याला सावधगिरी म्हणता येणार नाही.

उत्तर (रेवदंडा): मी बरीच वर्षे तांडेल होतो. तुमच्या दिरांनाही भीती आहेच, फक्त ती समुद्राची नसून हप्त्याची आहे, आणि तिलाच ते विश्वास म्हणत आहेत. मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक, असे येशूला सांगताना सैतानानेही शास्त्रवचनच पुढे केले होते. पतसंस्थेत जाऊन मुदतवाढ मागावी. चार लोकांसमोर तसे बोलायलाही धैर्य लागते. होडीत जीवरक्षक जाकिटे आहेत ना, तेही पाहावे.

प्रश्नकर्ती: अध्याय वाचून दाखवला. पौलाच्या डोक्यावर कर्ज नव्हते, असे दिरांचे म्हणणे पडले! तरी सोमवारी दोघे भाऊ पतसंस्थेत जाणार आहेत. जाकिटे दोन आहेत आणि माणसे चार, हे मात्र आजच कळले.