लेव्हलचा टोलनाका : नवं पोरगं गेममध्ये टिकत का नाही?

टँक_शिवाजीपेठ

दिवाळीच्या सुट्टीत गडहिंग्लजहून मामेभाऊ आला होता. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी सहा वर्षं एक ऑनलाइन आरपीजी (एक कॅरॅक्टर घेऊन त्याची ताकद वाढवत न्यायचा गेम) खेळतोय, नाव घेत नाही, उगाच भांडण नको. त्याला अकाउंट काढून दिलं, त्यानं जादूगार घेतला. माझं कॅरॅक्टर ८० व्या लेव्हलला, आमच्या ग्रुपमधली सगळी ८० ला आणि हा १ ला. बरोबर खेळायचं तर मधे ७९ पायऱ्या. मी काही हात आखडला नाही. तीन रात्री जागून त्याला डन्जनमागून डन्जन (राक्षसांनी भरलेली तळघरं) फिरवलं आणि ३५ पर्यंत ओढत नेला. चौथ्या दिवसानंतर पठ्ठ्या ऑनलाइन दिसलाच नाही. परवा फोनवर विचारलं, तर म्हणतोय, "कंटाळा आला, दादा."

माझं मत स्पष्ट सांगतो. लेव्हल म्हणजे टोलनाका आहे. रस्ता कधीच बांधून झालाय, पैसे वसूल झालेत, तरी नवी गाडी दिसली की दांडा आडवा. आपण कोल्हापूरकरांनी रस्त्यावर उतरून शहरातला टोल घालवला, गेमवाल्यांनीही घालवावा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचंच बघा. २००४ ला निघाला तेव्हा ६० लेव्हल होत्या. दर विस्ताराला (गेमचा नवा भाग निघाला की) वाढवत वाढवत २०१८ ला १२० वर नेल्या. नव्या माणसानं चढायचं तरी किती? शेवटी २०२० मध्ये त्यांनीच सगळं दाबून परत ६० वर आणलं. कंपनीलाच कळलंय की एवढ्या पायऱ्या नव्याला झेपत नाहीत. मग सरळ सगळ्यांना वरच सोडा की. खरा गेम तिथंच सुरू होतो.

लाल_माती

भावा, एवढं लिहिलंस आणि शेवटच्या ओळीत घाण केलीस. "खरा गेम वर सुरू होतो" असं ज्यानं ठरवलं, त्यानंच खालचा गेम मारला.

तालमीत नवीन पोरगं आलं की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी कुस्ती देतो काय? हौदा उकरायला लावतो. फावडं घे, माती वरखाली कर. मग जोर, मग बैठका. दोन-दोन महिने पोराच्या अंगाला दुसऱ्याचा हात लागत नाही. पण त्या दोन महिन्यांत त्याचा खांदा भरतो, मांडी भरते आणि आरशात त्याचं त्याला दिसतं. तीच लेव्हल. ती काढून घेतलीस आणि थेट खासबागच्या कुस्ती मैदानात नेऊन उभा केलास, तर ते पोरगं मैदान सोडून पळणारच.

२०१४ ला त्याच वॉरक्राफ्टनं नव्या विस्ताराबरोबर प्रत्येकाला एक कॅरॅक्टर थेट ९० ला न्यायची सोय दिली होती. टोल माफच की तो! तरी पुढं २०१९ ला जुना, सावकाश, पाय दुखवणारा क्लासिक त्यांना परत काढावा लागला, कारण लोकच मागत होते. ६० लेव्हल, घोडा ४० व्या लेव्हलला, तोवर पायी. आणि त्यातसुद्धा लोक रमले.

कॅफेवाले_काका

तुमच्या तालमीत येणाऱ्या दहा पोरांतली किती टिकतात, ते पण सांगा की राव. माती उकरून उकरून पळालेली पोरं माझ्या नेट कॅफेत येऊन बसायची.

राजारामपुरीत माझा कॅफे होता, तासाला वीस रुपये. काउंटर-स्ट्राइक १.६. लेव्हल नाही, एक्सपी (लेव्हल चढायला लागणारे गुण) नाही, तलवार निळी झाली जांभळी झाली असलं काही नाही. दोन वर्षं खेळणाऱ्याची आणि आज आलेल्याची बंदूक एकच. तीच पोरं रोज शाळा सुटली की हजर, पाच वर्षं. दारात चपलांचा ढीग. आता बोला, टिकायला प्रोग्रेशन, ही पायरीपायरीनं चढायची भानगड, कशाला लागते?

लाल_माती

काका, काही मिनिटांचा राउंड आणि शंभर तासांचा गेम एका तागडीत तोलू नका. आणि तुमच्या कॅफेतसुद्धा लेव्हल होतीच. नवं पोरगं कोपऱ्यातल्या मोडक्या माउसच्या पीसीवर बसायचं आणि जुनं पंख्याखाली. आम्ही बसलोय तिथं.

कॅफेवाले_काका

😂 हे मान्य. तो माउस मी मुद्दाम बदलत नव्हतो.

सातवी_गल्ली

मी पुण्यात एका मोबाइल गेम कंपनीत डेटाचं काम करते, म्हणून थोडं नीरस लिहिते.

आमच्याकडं नवा खेळाडू टिकला की नाही हे तीन ठिकाणी बघतात : दुसऱ्या दिवशी परत आला का, आठवड्यानं आला का, महिन्यानं आला का. ही तिन्ही गळती वेगळी आहे. पहिल्या दिवशी जाणारा लेव्हलमुळे जात नाही. गेम उतरवायला वेळ लागला, नाव टाकताना अडकला, फोन तापला, पिंग खराब (नेट अडखळतं). त्याला लेव्हल म्हणजे काय हेच माहीत नसतं. आठवड्याच्या आसपास जातो त्याच्याबाबतीत मात्र तुमचा वाद खरा आहे. सुरुवातीला दर दहा मिनिटांना लेव्हल पडते, टिंग वाजतं, छान वाटतं. मग एका ठिकाणी अचानक तासभर लागतो. चढ सगळेच सोसतात हो, पायऱ्यांची उंची एकदम बदलली की ठेच लागते.

दुसरं म्हणजे, मीटिंगमध्ये कुणीतरी दर वेळी आलेख दाखवतं की २० लेव्हल गाठलेले खेळाडू टिकतात, म्हणून सगळ्यांना लवकर २० ला न्या. अहो, ज्याला गेम आवडला तोच २० ला पोहोचला! जोतिबाच्या डोंगरावर चालत पोहोचलेल्याला दम आहे, हे बरोबर. म्हणून आजारी माणसाला जीपनं वर नेऊन सोडला तर त्याला दम येतो का? टँक_शिवाजीपेठ, तुमचं "वरच सोडा" हे अगदी त्या आलेखासारखं आहे.

पण लाल_माती, तुमचंही पूर्ण पटत नाही. सावकाश असलं की आपोआप गोड लागतं असं नाही. ओल्ड स्कूल रुनस्केपमध्ये एका कौशल्याची ९९ लेव्हल करायला सुमारे १ कोटी ३० लाख एक्सपी लागतात आणि त्यातली निम्मी होतात तेव्हा तुम्ही ९२ ला असता. शेवटच्या सात पायऱ्या म्हणजे अर्धा डोंगर. जुन्यांना याचं कौतुक आहे, मलाही आहे. पण ते चालतं, कारण तो सगळा चढ शेवटी ठेवलाय. हाच आकार उलटा करून नव्याच्या पहिल्या शनिवारी ठेवला, तर कोण थांबेल?

टँक_शिवाजीपेठ

ताई, जीपचं उदाहरण लागलं. पण माझी अडचण उरतेच. मला भावाबरोबर खेळायचं होतं. तो १ ला आणि मी ८० ला, तर कसं?

सातवी_गल्ली

ती अडचण खरी आहे, आणि लोकांनी सोडवलीये. गिल्ड वॉर्स २ मध्ये २०१२ पासून कॅप (सगळ्यात वरची लेव्हल) ८० च आहे, वाढवलेली नाही, आणि ८० चा माणूस खालच्या नकाशात गेला की त्याचीच ताकद उतरते. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइननं २०१६ मध्ये सगळा मुलूखच मोकळा केला, कुठल्याही लेव्हलचे मित्र कुठंही बरोबर. फायनल फँटसी फोर्टीनमध्ये जुन्या डन्जनला जुन्या माणसाची लेव्हल खाली आणतात, आणि बरोबरच्या गटात कुणी ते डन्जन पहिल्यांदा करत असेल तर सगळ्यांना जादा बक्षीस मिळतं. म्हणजे नवखा दिसला की म्हातारे कपाळाला हात लावत नाहीत, खूश होतात. हे मला सगळ्यात आवडतं.

पिंग_१८०

आणि त्या फोर्टीनचा रस्ता किती लांब! मुख्य कथा केल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. २०२० ला सुरुवातीच्या कथेतली बरीच क्वेस्ट (गेममधली कामगिरी) कापली, तरी महिनोन्महिने पुरते. तरीसुद्धा डिसेंबर २०२१ ला सर्व्हरवर एवढी गर्दी झाली की त्यांनी काही काळ गेम विकायचाच बंद केला. टोलनाका एवढा वाईट असता तर नाक्यावर रांग लागली असती काय?

कॅफेवाले_काका

रांग लागली म्हणजे माणूस टिकला असं नाही. मिसळीच्या दुकानासमोर रविवारी रांग असते, ती पर्यटकांची. सोमवारी कोण येतो ते बघा.

पिंग_१८०

😅 बरं. पण मग ईव्ह ऑनलाइनचं काय? २००३ चा, अंतराळातल्या जहाजांचा गेम. तिथं कौशल्य घड्याळावर वाढतं, तुम्ही झोपलात तरी. म्हणजे जुन्याला गाठणं मुळातच अशक्य होतं. २०१६ ला विकतची कौशल्यं आली, पण त्याआधीची तेरा वर्षं नवीन पोरं आलीच की. कारण पहिल्या आठवड्यातल्या स्वस्त, फुटक्या जहाजालाही एक काम होतं : शत्रूच्या मोठ्या जहाजाजवळ जाऊन त्याला पळू न देणं. धरून ठेवायचं फक्त. आपला मोठा ताफा येईपर्यंत. बहुतेक वेळा मरायचोच, पण त्या रात्री ताफ्यातला कमांडर माझं नाव घेऊन म्हणाला होता, "होल्ड हिम!" तेव्हा मला गेम लागून बारा दिवस झाले होते. लेव्हल कमी होती, पण गरज होती. ती असली की माणूस थांबतो.

लाल_माती

हे मात्र खरं बोललास. तालमीत पण नवीन पोरगं पैलवानाला तेल लावतं, थंडाई वाटतं. हलकं काम आहे, पण ते नसेल तर पैलवानाचं अडतं.

गडहिंग्लजचा_जादूगार

दादा, मी तोच. चार दिवस वाचतोय, बोलणार नव्हतो.

कंटाळा आला म्हटलं, कारण तू तीन रात्री जागला होतास, वाईट वाटलं असतं. झालं असं. डन्जनमध्ये तू पुढं पळायचास, मी मागं. माझा आगीचा गोळा सुटायला अडीच सेकंद लागायची. तेवढ्यात समोरचं मरून पडलेलं असायचं. तीन रात्रीत माझा एकही गोळा कुणाला लागला नाही. एकदा मी दार चुकलो तर तू हेडफोनवर म्हणालास, "थांब तिथंच, एक्सपी मिळतोय न्हवं." मी उठून चहा करून आलो, तोवर ३१ चा ३२ झालो होतो.

३५ ला खाली मंत्रांची बावीस बटणं होती, त्यातली तीन मला माहीत. चौथ्या दिवशी तू कामावर गेल्यावर एकटा वेशीबाहेर पडलो. पहिल्याच लांडग्यानं मारलं. तिघं जण बघत उभे होते, एकानं हसायचा इमोट केला (कॅरॅक्टरला हसायला लावलं). ३५ चा माणूस लांडग्याकडून मेला म्हणून.

टँक_शिवाजीपेठ

आयला. सांगायचं तरी.

गडहिंग्लजचा_जादूगार

तसा मी सोडलेला नाही. दुसऱ्या नावानं नवीन काढलंय. १९ ला आहे. आठ बटणं आहेत, आठही येतात.

टँक_शिवाजीपेठ

नाव सांग की कॅरॅक्टरचं. कुठल्या सर्व्हरला आहेस?

गडहिंग्लजचा_जादूगार

नको. तू मदतीला येशील.