बारावीनंतर डिग्री नको, अप्रेंटिसशिप हवी. सुरुवात कुठून करावी?

कोयनाकाठ
भाच्याची बारावी झाली. सायन्स, ५२ टक्के. दहावीला ७४ होते. वय १८ पूर्ण, राहायला कऱ्हाड. बीएस्सीला प्रवेश मिळेल, पण त्याला ते नकोय, हाताचं काम हवंय. तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात आली: 'बारावी पास अप्रेंटिस, चाकण, हातात १३,०००, बस-कॅन्टीन मोफत, आजच जॉइनिंग.' ताई-भावजी म्हणतात पाठवून देऊ. आयटीआयला दोन वर्षं देण्यापेक्षा हे बरं का? नेमकं काय तपासायचं ते सांगा. 'जिद्द ठेव' छापाचे सल्ले नकोत, ते घरी मुबलक मिळतायत.

लेथवाला
आधी शब्द सोडवून घेऊ. जाहिरातीत 'अप्रेंटिस' लिहिलं म्हणून कोणी अप्रेंटिस होत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार झाला आणि तो सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदला गेला, तरच तो अप्रेंटिस. जाहिरातवाल्या एजंटला दोनच प्रश्न विचारा: ट्रेडचं (कामाच्या शाखेचं) नाव काय आणि पोर्टलवर करार कोणत्या आस्थापनेच्या नावाने होणार? 'आधी जॉइन करा, मग बघू' असं उत्तर आलं, तर ती लाइनवरची कंत्राटी भरती समजा. तीही करायला हरकत नाही, पण मग तिला शिक्षण म्हणू नका.

करार खरा असला तरी प्रकार बघा. 'निर्दिष्ट' म्हणजे डेझिग्नेटेड ट्रेड: फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन वगैरे. यांचा अभ्यासक्रम ठरलेला असतो, शेवटी अखिल भारतीय परीक्षा होते आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र (एनएसी) मिळतं. 'वैकल्पिक' म्हणजे ऑप्शनल ट्रेडचा अभ्यासक्रम कंपनी स्वतः ठरवते, मुदत ६ ते ३६ महिने. काही ठिकाणी तो उत्तम असतो. पण बारावी पास पोरं शेकड्याने घेतली जातात ती बहुतेक याच प्रकारात, आणि मग वर्षभर एकाच स्टेशनवर तेच चार बोल्ट आवळणं होतं.

पैशांचं म्हणाल तर २०१९ च्या सुधारित नियमांत दरमहा किमान विद्यावेतन असं होतं: दहावी पास ६,०००, बारावी पास ७,०००, आयटीआय ७,०००, पदविका ८,०००, पदवी ९,०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ, तिसऱ्या वर्षी १५. हे किमान आहे, कंपनी जास्त देऊ शकते. त्यामुळे १३,००० चा आकडा अशक्य नाही, पण त्यात ओव्हरटाइम धरलाय का ते विचारा. अप्रेंटिसला ओव्हरटाइम द्यायचा तर सरकारच्या शिकाऊ उमेदवार सल्लागाराची परवानगी लागते आणि तीही प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हितासाठी असेल तरच मिळते. 'रोज चार तास ओटी पक्का' म्हणत असतील तर समजून जा.

मिरजजंक्शन
लेथवाल्यांनी सांगितलं त्याला एक मोठी पुरवणी. मोठ्या सरकारी भरतीत पहिलीच अप्रेंटिसशिप चालते. एका छोट्या वर्कशॉपमध्ये फिटरची पूर्ण केली, तर पुढे रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीत तुम्ही बाद. जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं की आधी अप्रेंटिसशिप केलेला उमेदवार चालणार नाही. पोरं घाईत कुठेतरी संधी खर्च करून बसतात आणि वर्षभराने विचारायला येतात.

भाच्याला मोठ्या आस्थापना खुल्या ठेवायच्या असतील तर आधी आयटीआय. मध्य रेल्वे दरवर्षी २४०० च्या आसपास जागा काढते, गेली काही वर्षं जुलै-ऑगस्टच्या सुमाराला. मुंबई, पुणे, सोलापूर, भुसावळ, नागपूर असे क्लस्टर असतात. लेखी परीक्षा नाही; दहावी (किमान ५० टक्के) आणि आयटीआयच्या गुणांची सरासरी काढून यादी लागते. वय १५ ते २४. दहावीचे ७४ इथे कामी येतात, बारावीच्या ५२ कडे कुणी बघत नाही. पुढे रेल्वेच्या लेव्हल १ (सर्वात खालच्या श्रेणीच्या) भरतीत २० टक्के जागा रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी असतात. कॉम्प्युटरवरची परीक्षा मात्र द्यावीच लागते, आपोआप नोकरी कुठेच नाही.

माझगाव डॉकचं (मुंबईची सरकारी जहाजबांधणी कंपनी) गणित वेगळं आहे. तिथे 'ए' गटात दहावीवर थेट घेतात, दोन वर्षं, वय १५ ते १९. 'बी' गट आयटीआयवाल्यांचा, वय १६ ते २१. जाहिरात साधारण जून-जुलैत येते, ऑनलाइन परीक्षा असते. म्हणजे आयटीआय न करता थेट शिरायचं तर भाच्याच्या हातात जेमतेम वर्ष आहे.

याशिवाय एसटीच्या विभागीय कार्यशाळा, महावितरण (वीजतंत्री, तारतंत्री), ओझरचं एचएएल (सरकारी विमान कारखाना) आणि अंबरनाथ, वरणगाव, भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणी. बहुतेक ठिकाणी आयटीआय धरूनच चाललं जातं.

कोयनाकाठ
म्हणजे दोन वर्षं आयटीआय आणि एक वर्ष अप्रेंटिस. तोवर बरोबरची पोरं पदवीधर होतील, हा भावजींचा मुद्दा. आणि ट्रेड कोणता घ्यायचा?

जोडारी
भावजींना सांगा, वाट बंद होत नाही. दहावी + दोन वर्षांचा आयटीआय यावर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि पदविकेनंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. सुटेसुटे कागद पुढे ठेवण्यापेक्षा हा नकाशा काढून दाखवा, घरचे लवकर ऐकतात.

ट्रेडबद्दल. (आयटीआयच्या बोर्डावर फिटरला 'जोडारी', वेल्डरला 'संधाता', टर्नरला 'कातारी' लिहिलेलं असतं, बिचकू नका.) कऱ्हाडहून सातारा, किर्लोस्करवाडी आणि कोल्हापूरची शिरोली-गोकुळ शिरगाव ही सगळी मशीनिंग आणि फाउंड्रीची पट्टी जवळ आहे. म्हणून फिटर, मशिनिस्ट किंवा टर्नर. सगळीकडे चालणारा ट्रेड हवा असेल तर इलेक्ट्रिशियन. पुढे स्वतःची कामं घ्यायची तर परवान्याचं बघावं लागेल. वेल्डर एका वर्षाचा आहे, पण पदविकेची वाट दोन वर्षांच्या ट्रेडवर उघडते, हे विसरू नका.

मुलाला हाताचं काम खरंच आवडतं का, हे प्रवेशाआधी तपासता येतं. आयटीआय फिटरचे पहिले काही आठवडे कानस (फाइल) मारण्यातच जातात. एमएसची (माइल्ड स्टीलची) पट्टी व्हाइसमध्ये (टेबलाच्या शिकंज्यात) धरायची आणि तिची कड सपाट व काटकोनात आणायची. दाब फक्त पुढे जाताना, मागे येताना कानस नुसती सरकवायची. मागेही दाबलं की दाते बोथट होतात. नवख्याची कड हमखास मध्ये फुगते, कारण स्ट्रोकच्या सुरुवातीला कानस मुठीकडे झुकते आणि शेवटी टोकाकडे. म्हणून सुरुवातीला डाव्या हाताचा दाब जास्त आणि पुढे जाता जाता तो उजव्यावर आणायचा. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडासमोर धरला की दोन्ही टोकांना फट दिसते. ती फट जाईपर्यंत तेच काम. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये चार दिवस रोज दोन तास हे करून पाहू दे. तिसऱ्या दिवशीही स्वतःहून गुण्या उचलत असेल तर घाला.

शॉपफ्लोअर_सातारा
प्रवेशाचं व्यवहाराचं बोलतो.

आयटीआयची गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते. अर्ज व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या (डीव्हीईटी) पोर्टलवर. विकल्प भरताना पहिला विकल्प विचार करून टाका. तो लागला आणि प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाद होता. खासगी आयटीआय घेणार असाल तर ती तुकडी एनसीव्हीटी (राष्ट्रीय व्यावसायिक प्रशिक्षण परिषद) संलग्न आहे ना, ते ट्रेडनिहाय पाहा. संस्थेची पाटी पाहून ठरवू नका. हजेरी ८० टक्के लागते आणि तिथेच बरीच मुलं अडकतात.

अप्रेंटिसच्या करारावेळी गोंधळ होतो तो नावाचा. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि आयटीआय प्रमाणपत्र यांवर नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळली पाहिजे. एकावर 'दत्तात्रय' आणि दुसऱ्यावर 'दत्तात्रेय' असेल तरी नोंदणी अडते. दुरुस्ती आयटीआयच्या पहिल्याच वर्षी करून घ्या, शेवटी धावपळ होते. दुसरं, बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. विद्यावेतनातला केंद्राचा वाटा (२५ टक्के, कमाल १,५०० रुपये महिना) थेट उमेदवाराच्या खात्यात येतो. जोडणी नसेल तर कंपनीचे पैसे येतात, हे अडकतात, आणि पोरगा कंपनीशी भांडत बसतो.

मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत घ्यायची.

लेथवाला
कंपनी पाहायला जाल तेव्हा एचआरपेक्षा आत असलेल्या अप्रेंटिसला विचारा: गेल्या तीन महिन्यांत किती विभागांत होतास? मशीन स्वतः सेट करतोस की फक्त जॉब लावून बटण दाबतोस? व्हर्निअर, मायक्रोमीटर ही मापाची साधनं कुणाच्या हातात असतात? व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) वर्षभर जॉब लोड-अनलोड केलेल्या मुलाला ऑफसेट (टूल आणि जॉबच्या जागेची मशीनला दिलेली मापं) म्हणजे काय हे सांगता येत नाही आणि पुढच्या मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो.

आणखी एक. अप्रेंटिस हा कायद्याने 'कामगार' नाही, त्यामुळे पीएफ-ईएसआय धरू नका. पण सुरक्षेच्या तरतुदी लागू आहेत आणि कामावर इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची असते. सेफ्टी शूज, गॉगल पहिल्या दिवशी मागून घ्या.

मिनी_ठाणे
मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणि हे एकच का? तिथेही बारावीला ६,००० आणि आयटीआयला ८,००० लिहिलंय.

मिरजजंक्शन
नाही. ती राज्याची २०२४ ची वेगळी योजना आहे. तिच्या प्रमाणपत्राला एनएसी म्हणत नाहीत.

कोयनाकाठ
एजंटला ट्रेडचं नाव विचारलं. 'प्रॉडक्शन' म्हणाला. कराराचं विचारल्यावर फोन ठेवला. फिटर आणि मशिनिस्ट, या क्रमाने कऱ्हाडचे विकल्प भरतोय. जवळच्या वर्कशॉपवाल्याने उद्यापासून दोन तास यायला सांगितलंय. कानस त्यांच्याकडची वापरू की नवी घेऊ?

जोडारी
त्यांचीच वापरू दे. दहा इंची, बास्टर्ड कटची (जाड दात्यांची), मूठ घट्ट बसलेली बघून घे म्हणावं. बिनमुठीची देतील, घेऊ नको. शेपटी तळहातात घुसते. आणि खडू मागून घे, दात्यांवर घासला की बुरादा अडकत नाही.