व्हर्लपूल दीर्घिकेचा फोटो काढायचाय, रिमोट दुर्बीण कुठली घेऊ?

गच्चीवरचा: आमच्या गच्चीवरून सप्तर्षीच कसेबसे दिसतात, त्यामुळे स्वतःची दुर्बीण घेण्यात अर्थ नाही. भाड्याच्या, इंटरनेटवरून चालवायच्या रिमोट दुर्बिणीने एम ५१ (हीच व्हर्लपूल) टिपायची आहे. एकदा हात पोळलेत: वेळ रिकामी दिसली म्हणून ऑस्ट्रेलियातली दुर्बीण बुक केली, एक फ्रेम मिळाली नाही. कुठली साइट, किती एक्स्पोजर? बजेट दीड तासाचं.

शामशबल: मिळणार कशी! एम ५१ चं डेक्लिनेशन (आकाशातला अक्षांश म्हणा) +४७ अंश, म्हणजे बरंच उत्तरेला. साइट न्यू साउथ वेल्समधली असेल तर अक्षांश ३१ दक्षिणच्या आसपास, म्हणजे दीर्घिका क्षितिजावर फार तर १२ अंश चढणार. एवढ्या खाली बऱ्याच दुर्बिणी वळतच नाहीत. स्पेन नाहीतर युटा घ्या, एप्रिल-मेमध्ये. स्पेनमधल्या नेर्पिओहून ती जवळजवळ डोक्यावर येते. आणि युटात मध्यरात्र तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेअकरा. जागरण नाही, फक्त साहेबाची नजर चुकवायची.

फ्लॅटफ्रेम: साइटइतकंच नाभीय अंतर बघा, तिथेच नवखे फसतात. एम ५१ चंद्रबिंबाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, ११ आर्कमिनिटांची. कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा धरला तर ३८० मिमीच्या दुर्बिणीत ती सव्वातीनशे पिक्सेलची, १००० मिमीत साडेआठशेची. छोटी दुर्बीण देवयानी दीर्घिकेसाठी ठेवा, ती ३ अंश पसरलीय.
वेळेची वाटणी: ल्युमिनन्स (रंगाच्या फिल्टरशिवाय, नुसत्या उजेडाच्या) ३०० सेकंदांच्या १० फ्रेम, लाल, हिरवा, निळा प्रत्येकी १८० सेकंदांच्या ४. झाली ८६ मिनिटं. एकच लांब फ्रेम नको, उपग्रहाची रेघ आली की सगळंच गेलं. कॅमेऱ्याचे दोष काढायला डार्क (अंधारातल्या) आणि फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या) फ्रेमही उतरवून घ्या, सिरिल सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या स्टॅक करा, म्हणजे एकावर एक जोडा. फुकट आहे.

रोहिणी_के: पैसे घालायच्या आधी हार्वर्ड-स्मिथसोनियनच्या मायक्रोऑब्झर्व्हेटरीवर मागवून बघा की. ६ इंची दुर्बीण, फोटो ईमेलने येतो, छदाम लागत नाही. एक्स्पोजर मिनिटभराचंच, त्यामुळे दीर्घिकेच्या सर्पिल भुजा पुसट येतात. पण माझ्या मुलीला शेजारची छोटी दीर्घिका एनजीसी ५१९५ सुद्धा ओळखता आली. हीच भोवऱ्याची नक्षी बघायला खगोलशास्त्रज्ञ लॉर्ड रॉसना १८४५ मध्ये ७२ इंची दुर्बीण लागली होती!

गच्चीवरचा: रोहिणीताई, आजच मागवतो. चांदण्या रात्री दर निम्म्यावर दिसतायत, चालेल का?

फ्लॅटफ्रेम: रंगांना एक वेळ चालवून घ्या. ल्युमिनन्स अमावास्येलाच, चंद्रप्रकाशात बाहेरच्या फिकट भुजा धुऊन निघतात. कंजुषी तिथे नको.

गच्चीवरचा: ठीक. ऑस्ट्रेलियाचे पॉइंट परत जमा झालेत, त्यांचं काय करू?

शामशबल: एम ८३ ही दुसरी सर्पिल दीर्घिका टिपा. डेक्लिनेशन -३०, तिथे थेट डोक्यावर.