जुन्यांचा दिलासा आणि नव्यांच्या उलट्या

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या गटांत नवे रुग्ण तेच ते प्रश्न विचारून जुन्यांना वैताग आणतात, असे एक मत चर्चेत मांडले गेले आहे; ते मला अर्धेच पटते. जळगावला आमच्या रुग्णांच्या बैठकीत मी उलटेही पाहिले आहे. स्लीव्ह शस्त्रक्रियेला (जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करण्याला) तीन वर्षे झालेले एक गृहस्थ भरीत आणि कळण्याची भाकरी निवांत खात होते, अजून पातळ आहारावर असलेल्या ताईंनी "मला कधी चालेल?" असे विचारताच, "पोटच सांगेल, घाबरता काय?" एवढेच उत्तर त्यांनी दिले.

त्या चर्चेत न आलेला मुद्दा असा की, "शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला उलट्या होतातच" हा जुन्यांनी नव्यांना दिलेला दिलासा धोक्याचा ठरू शकतो. शरीरातला थायमिनचा, म्हणजे जीवनसत्त्व ब-१चा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. उलट्या थांबल्याच नाहीत, तर तोल जाणे, एकाच्या जागी दोन दिसणे, भ्रम होणे अशी लक्षणे उद्भवू शकतात आणि उपचाराला उशीर झाल्यास मेंदूची हानी कायमची राहू शकते. यावल-रावेरकडच्या खेड्यात अशक्तपणा म्हटला की ग्लुकोजचे सलाईन लावले जाते. परंतु अशा रुग्णाला त्याआधी थायमिन द्यावे लागते, म्हणून शस्त्रक्रिया झाल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.