क्रूझवर अडकित्ता आणि घरची चटणी नेता येते का? मदत हवी आहे

राम राम मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले. पुढच्या महिन्यात आई-बाबा मुंबईहून गोव्याच्या क्रूझवर जात आहेत. जहाजाचा प्रवास घरात कोणीच केलेला नाही. कंपनीच्या यादीत इस्त्री, किटली, मेणबत्ती, उदबत्ती, बाहेरची दारू बंद आहे. भर समुद्रात आग लागली तर अग्निशमनाची गाडी येणार कुठून, म्हणून ते पटते. आईची पूजा चुकत नाही, तिला सेलवरचा दिवा घेऊन दिला.

अडचण बाबांची. जेवणानंतर सुपारी लागते, आणि पितळी अडकित्ता बंडीच्या खिशात असतोच. बंदरावरच्या तपासणीत तो सुरी-कात्रीत धरतात का? काढून घेतला तर उतरताना परत देतात का? आजोबांच्या हातचा आहे, म्हणून जिवाला घोर लागला आहे.

दुसरे, पॅकबंद कोरडा खाऊ चालतो म्हणतात. पण घरी कुटलेली जवसाची चटणी? इन्सुलिन आणि सुया डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवतोय, बरोबर ना?

कोणी जाऊन आले असेल तर सांगा बाप्पा. धामणगावहून रात्रभर रेल्वेने जायचे, तिथे अडवले तर सामान ठेवायला मुंबईत आपले कोणी नाही.