‘ई-पेपर’ला काय म्हणावं, आणि ‘घोस्टिंग’ला?

प्रश्न : ई-पेपर डिस्प्लेसाठी (किंडलसारख्या ई-बुक वाचकाचा कागदासारखा पडदा) इंटरफेस कसा आखावा, यावर मराठीत लिहितो आहे. दोन शब्दांवर अडलंय. ‘ई-पेपर’ म्हटलं की वर्तमानपत्राची ऑनलाइन आवृत्तीच डोळ्यांसमोर येते. आणि ‘घोस्टिंग’ला, म्हणजे पडद्यावर आधीच्या मजकुराची पुसट खूण उरते तिला, ‘भूतप्रतिमा’ म्हणवत नाही.

उत्तर १ : ‘इलेक्ट्रॉनिक कागद’ असं पूर्ण लिहा, घोटाळा होणार नाही. ‘ई-शाई’ सुटसुटीत आहे, पण सगळ्या तंत्रांना लागू पडत नाही. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात निक शेरिडन यांनी केलेल्या गायरिकॉन या इलेक्ट्रॉनिक कागदात अर्धे काळे, अर्धे पांढरे बारीक मणी फिरायचे. त्यात शाई कुठे?

उत्तर २ : आधी क्रियापद ठरवा, नामं आपोआप सुचतील. एलसीडीवर मजकूर ‘दिसतो’, वीज गेली की गेला. इथे तो ‘उमटतो’. नेहमीच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या कुप्या असतात. त्यांतल्या काळ्या आणि पांढऱ्या कणांवर विरुद्ध विद्युतभार असतो. विद्युतक्षेत्र बदललं की एक रंग वर येतो, दुसरा तळाशी जातो, आणि वीज काढून घेतली तरी ते तिथेच राहतात. म्हणजे वीज लागते ती बदलाला, टिकण्याला नाही.

जे उमटतं ते पुसावंही लागतं. ओल्या फडक्याने घाईत पुसलेल्या पाटीसारखं मागचं थोडं उरतं, तेच घोस्टिंग. मी ‘मागचा ठसा’ म्हणेन. ‘फुल रिफ्रेश’ला ‘ताजंतवानं करणं’ कृपया नको. पडदा काळा-पांढरा लुकलुकतो तेव्हा तो ‘पूर्ण पुसून’ घेत असतो.

तुमच्या लेखाचा गाभाही इथेच आहे. परिच्छेदावर मेनू उघडला, बंद केला, की त्याच्या चौकटीची फिकट रेघ अक्षरांमधून दिसत राहते. तेवढा तुकडा पुन्हा पुसून उमटवा, नाहीतर मेनूला सरळ स्वतंत्र पान द्या. मजकूर सरकवण्यापेक्षा पान उलटलेलं बरं. हलती चिन्हं आणि फिकट राखाडी अक्षरं तर टाळाच.

उत्तर ३ : क्रियापदाचं पटलं, पण ‘ठसा’ कायमचा वाटतो. घोस्टिंग सहसा पूर्ण पुसलं की जातं. ‘पुसट छाप’ म्हणा. ओएलईडी (फोन-टीव्हीच्या स्वतः उजळणाऱ्या) पडद्यावर एकच चित्र फार काळ राहून जी खूण पडते ती जात नाही. ‘ठसा’ तिच्यासाठी राखून ठेवा.