फुकटचा वकील आणि फुकटचे सल्ले

शुक्रवार_पेठी: काल इथे एकाने बँकेच्या नोटिशीबद्दल विचारलं, तर त्याला सल्ला काय, 'विधी सेवा प्राधिकरणात जा, मोफत वकील मिळतो.' कशाला गरिबाला तिकडे धाडता? फुकटचा वकील तारखेला येतही नाही. पोटाला चिमटा काढा, पण वकील पैसे मोजून करा.

अर्जवाली: चिमटा काढायला आधी पोटात काही असावं लागतं. कोर्टाच्या आवारात अर्ज लिहून देते, म्हणून लांबण लावते. बँकेकडून लोकअदालतीची नोटीस आली की लोक अटकच होणार समजून थरथरत येतात. बहुतेकदा ते दाखलपूर्व प्रकरण असतं, म्हणजे कोर्टात अजून खटलाच नसतो. आकडा पटला तर सही करायची, नाही पटला तर सरळ घरी जायचं. पण सही झाली की तो कोर्टाच्या निकालासारखा हुकूमनामा, त्यावर अपील नाही. हे सहीआधी सांगणारं माणूस मोफत मिळतं, विधी सेवेच्या १५१०० वर फोन करूनही विचारता येतं. तुम्ही खटल्याचं बोलताय, मी खटल्याआधीचं. आणि सारखं 'गरिबाला' काय? बाई, मूल, अपंग, अनुसूचित जाती-जमाती यांचं उत्पन्न बघतच नाहीत. इतरांना राज्यात वर्षाला ३ लाखांची मर्यादा.

तिरकस: म्हणजे माझ्या तीन फ्लॅटवाल्या आत्याला मोफत वकील आणि ३ लाख १० हजारवाल्या रिक्षावाल्याला ठेंगा. छान.

अर्जवाली: हो. विधी सेवेचा कायदा १९८७ चा आहे, मी केलेला नाही.

आजन्म_भाडेकरू: फ्लॅटवाल्यांचा विषय निघालाच आहे तर ऐका. आमच्या मालकाने 'रंगकाम' म्हणून अख्खं डिपॉझिट गिळलं. ११ महिन्यांचा करार, तोही नोंदणीशिवाय. 'कशाला उगाच खर्च?' म्हणे.

घरमालक_पीडित: नोंदणी नको तुम्हालाच असते! आमचा भाडेकरू भिंतींची चाळण करून गेला, वर लाइट बिल थकवून.

आजन्म_भाडेकरू: भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ वाचा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. हे मला मोफतवाल्या वकीलबाईंनीच सांगितलं. त्यांचं एक पत्र गेलं आणि बरेचसे पैसे निमूट परत आले.

घरमालक_पीडित: मग घरंच घ्या ना नावावर करून! हप्ते आम्ही फेडायचे, कायदे तुम्ही शिकवायचे.

तालुकाकर: मावशीचं संजय गांधी निराधारचं प्रकरण तहसीलला पडून आहे, त्यावर बोला कोणी. नाही? चालू द्या डिपॉझिट.

शुक्रवार_पेठी: विषय वकिलाचा होता. वडिलांच्या जमिनीच्या दाव्यात दर तारखेला प्राधिकरणाच्या पॅनेलवरचा नवा वकील, आणि फाइल एकानेही वाचलेली नाही. वडील गेले, दावा आहे तिथेच आहे. मला शिकवू नका.

अर्जवाली: होतं असं. मिळणारी फी बघितली तर का होतं तेही कळतं. वकील बदलून द्या असा अर्ज प्राधिकरणाच्या सचिवांकडे करता येतो, पण तो करायला सांगत कोणी नाही. तालुकाकर, मावशींना तालुका विधी सेवा समितीत न्या, अर्जाची पोच घेऊन.

शुक्रवार_पेठी: बरं बाई, सहीआधीचा सल्ला फुकट घ्यावा. झालं समाधान? दावा मात्र पैसे मोजूनच.

घरमालक_पीडित: त्या लाइट बिलासाठी मला मिळेल का मोफत वकील? फ्लॅट बायकोच्या नावावर आहे.

अर्जवाली: मग त्यांना मिळेल. त्यांनाच पाठवा, तुम्ही येऊ नका. आणि करार द्या सोबत, नोंदवला असेल तर.